पडताळणी : सुषमा

माझं काम चुका शोधण्याचं होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, कारण चुका शोधायला पगार लागत नाही असा त्याचा घरचा अनुभव असतो. पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रीतसर काम आहे. एक जण प्रोग्राम लिहितो, दुसरा तो मोडून बघतो. मोडणाऱ्याला टेस्टर म्हणतात. जिथं आकडा टाकायचा तिथं मी अक्षरं टाकायचे, जिथं बटण एकदा दाबायचं तिथं दहादा दाबायचे, फॉर्म अर्धा भरून मोबाइल बंद करायचे. घाईतला, वैतागलेला, चष्मा घरी विसरलेला माणूस हे ॲप कसं वापरेल, त्याची नक्कल करायची. शेवटी एका चौकटीत ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहायचं.

हे काम मी चार वर्षं नांदेडला, आमच्या घरातल्या जिन्यावरच्या खोलीत बसून केलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात माझ्याबरोबर इंजिनिअरिंग केलेली बहुतेक मुलं पुण्याला गेली. मला जायचं नव्हतं, म्हणून घरून करायची नोकरी शोधली. कंपनीला ऑफिसच नव्हतं. चाळीसेक माणसं आपापल्या गावी, आपापल्या इन्व्हर्टरवर. ठिबकमधून पिकाला किती पाणी, किती खत द्यायचं हे ठरवणारं ॲप आम्ही बनवायचो. शेतकऱ्यानं पीक, क्षेत्र आणि लागवडीची तारीख भरायची, ॲपनं वेळापत्रक बनवायचं, आणि खताच्या टाकीला बसवलेल्या छोट्या यंत्रानं त्याप्रमाणे नळ्यांत खत सोडायचं.

कंपनी रोहनची. त्याला मालक म्हटलेलं आवडायचं नाही, सर म्हटलेलं तर मुळीच नाही. ‘आपण कुटुंब आहोत,’ तो म्हणायचा. तो कुठं राहतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. पडद्यावर त्याच्या मागं कधी डोंगर, कधी समुद्र, कधी पुस्तकांचं कपाट असायचं आणि तिन्ही खोटी. वाईट माणूस म्हणावं तर तसं नव्हतं. तो कुणाचा वाढदिवस विसरायचा नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त त्याला कुणाचं काही ऐकायचं नसायचं, आणि दर सोमवारी त्याचं मत बदललेलं असायचं. एका सोमवारी आपण केळीची कंपनी, पुढच्या सोमवारी सगळ्या फळांची, त्यापुढच्या सोमवारी ‘शेतकऱ्याच्या विश्वासाची’. विश्वासाचं ॲप कसं टेस्ट करायचं ते मला कुणी सांगितलं नाही.

माझे बाबा गिरणीत होते, तिथल्या युनियनमध्येही. गिरणी बंद पडली, त्यांची पत्रकं बंद पडली नाहीत. रिक्षाच्या परवान्यापासून नळाच्या पाण्यापर्यंत ज्याचा प्रश्न असेल त्याचं पत्रक आमच्या घरी लिहिलं जायचं. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या ओळीवर, आणि शाळेत जाण्याआधी शंभर पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा वाटा होता. अशा घरातली मुलगी मालकाला नावानं हाक मारायला लागली तेव्हा बाबांनी एकच विचारलं.

‘पगारी रजा किती देतो?’

‘अमर्याद आहे बाबा. पाहिजे तेवढी घ्यायची.’

‘आतापर्यंत कुणी घेतली?’

मी आठवून बघितलं. ‘कुणीच नाही.’

‘हां,’ बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

रोज साडेनऊला सगळ्यांची मीटिंग. प्रत्येकानं एका मिनिटात काल काय केलं, आज काय करणार हे सांगायचं, आणि काम कुठं अडलंय का ते. ज्याचं अडलेलं असेल त्याला रोहन मीटिंगनंतर थांबवून घ्यायचा आणि तासभर त्याच्या मनोवृत्तीबद्दल बोलायचा. अडचण जागेवरच राहायची, तास जायचा. दोन-तीन महिन्यांत सगळे शहाणे झाले. एकामागून एक चाळीस माणसं म्हणायची, ‘नो ब्लॉकर.’ म्हणजे काहीही अडलेलं नाही. मीही म्हणायचे. सभेत उठून प्रश्न विचारायला जिला लहानपणी शिकवलं होतं, ती मी रोज सकाळी हजेरी दिल्यासारखं खोटं बोलायचे आणि मग चहा प्यायचे.

सुषमा निलंग्याची. तिचा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, सासरे तात्या शेती बघतात. कंपनीत तिचं काम शेतकऱ्यांना फोन करण्याचं. तिच्या घरी पुढच्या खोलीला बैठक म्हणतात. तिथं तात्यांचे पाहुणे बसायचे, सोयाबीनच्या भावाची चर्चा व्हायची, सोयरिकी जुळायच्या. घरात इंटरनेटला रेंज फक्त तिथंच. पहिला पगार आला त्या दिवशी तात्यांनी स्वतः सतरंजी उचलली आणि बाहेर लिंबाखाली टाकली. नऊ ते सहा बैठक सुनेची. त्या घरातल्या कुठल्याही बाईनं त्या खोलीत आजवर खुर्ची टाकलेली नव्हती. सुषमा मला म्हणायची, ‘पगार जाऊ दे गं, मला ती खुर्ची पाहिजे.’

कंपनीच्या चॅटवर प्रत्येकाच्या नावापुढं हिरवा ठिपका असायचा. पाच मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा व्हायचा आणि पिवळ्यांची यादी रोहनकडं जायची. निलंग्याला नळाला पाणी आलं की सुषमाला उठावंच लागायचं. मग तात्या खुर्चीवर बसून माऊस हलवायचे.

‘सुनबाई, ह्याला अजून किती वेळ खेळवू गं?’

‘दोन हंडे राहिलेत तात्या.’

एकदा ते माऊस हलवता हलवता थेट मीटिंगमध्येच शिरले. चाळीस पडद्यांवर पांढरी टोपी आणि मिशा. ‘राम राम मंडळी. सुनबाई पानी भरून राहिली. तुमचं चालू द्या.’ रोहन एवढा खूश झाला की त्यानं तो फोटो कंपनीच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, आमचं कुटुंब. तात्या पाव तास ऐकत बसले होते. नंतर सुषमाला म्हणाले, ‘तुझा सायब लई गोड बोलतो गं. पन त्याला कुनी काईच इचारलं न्हाई.’

कंपनीला ऑफिस नव्हतं असं मी म्हटलं, पण एक दिवस होतं. गुंतवणूकदार ‘मातीतली टीम’ बघायला येणार होते, म्हणून रोहननं लातूरला एका कोचिंग क्लासचा रिकामा हॉल दिवसभरासाठी घेतला आणि आम्हा मराठवाड्यातल्या बारा जणांना बाकांवर बसवलं. मागच्या फळ्यावर कुणीतरी रसायनशास्त्राची समीकरणं लिहून ठेवली होती. मी पुसायला गेले तर रोहन म्हणाला, ‘राहू दे, खताचं वाटतंय.’

तिथं मी सुषमाला पहिल्यांदा अख्खी पाहिली. तीन वर्षं फक्त खांद्यापर्यंत पाहिलेली.

‘अगं, तू एवढीशी?’ ती म्हणाली. ‘आवाजावरून तर वाटत नाही.’

पाहुण्यांनी विचारलं, शेतकरी माहिती बरोबर भरतो हे कशावरून? रोहननं सुषमाकडं बोट केलं. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं. ‘आमच्याकडं एकरात कुणी बोलत नाही. निलंग्याला रान बॅगेत मोजतात. सोयाबीनच्या बियाण्याची एक बॅग जेवढ्या रानात पेरून होते तेवढं एक बॅगेचं रान. माझ्या सासऱ्यांना विचारा, चार बॅगांचं म्हणतील. अर्धापूरकडचे केळीवाले झाडं मोजतात, तीही हजारात. केळी किती? तीन. म्हणजे तीन हजार झाडं. ती बसतात साधारण दोन एकरात. पण आपल्या ॲपमध्ये क्षेत्राची चौकट दिसली की तो माणूस तीनच टाकतो. खोटं नाही टाकत, त्याच्या हिशेबानं बरोबरच टाकतो. म्हणून मी प्रत्येकाला फोन करून विचारते, तीन काय?’

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रोहन म्हणाला, ‘ही आमची खरी ताकद.’

अडीच महिन्यांनी एका सोमवारी त्यानं ती ताकद बंद केली. फोन म्हणजे कुबडी, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मोठं व्हायचं तर माणसानं माणसाला विचारत बसून चालणार नाही, ॲपला आपोआप कळलं पाहिजे. फोनच्या जागी स्वतःच उत्तरं देणारं चॅट आलं आणि सुषमाला त्याची उत्तरं लिहायला बसवलं. तिनं ग्रुपवर लिहिलं की फोन बंद केले तर अर्धापूरच्या केळीत जास्तीचं खत जाईल. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेळा. तिन्ही वेळा रोहननं खाली लाल बदाम टाकला.

त्या आठवड्यात नवी आवृत्ती तपासायला माझ्याकडं आली. मी क्षेत्रात ३ टाकलं. ॲपनं निमूटपणे तीन एकर धरले. आणखी एक गोष्ट दिसली. फोन बंद केले होते, पण ‘पडताळणी कुणी केली’ ही चौकट फॉर्ममधून काढायची राहून गेली होती. ती रिकामी असली तर फॉर्म पुढं सरकत नव्हता. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तिथं एक नाव कायमचं भरून टाकलं होतं. फॉर्म कुणीही भरो, खाली दिसायचं, ‘पडताळणी : सुषमा’, आणि पुढं हिरवी बरोबरची खूण.

मी ‘नापास’ लिहिलं. दहा मिनिटांत रोहनचा फोन.

‘किती लोक असं तीन टाकतील?’

‘अर्धापूरचे सगळे.’

‘सगळे म्हणजे? डेटा दाखव.’

‘डेटा सुषमाच्या वहीत आहे. आणि तिचं नाव तिथं आपोआप पडतंय, तिनं न बघता...’

‘ते पुढच्या आवृत्तीत काढू. उद्याचं लाँच जाहीर झालंय. तू नेहमी दार अडवून उभी राहतेस, तुला जाणवतं का ते?’

मला जाणवलं. खरं सांगायचं तर लाज वाटली, दार अडवल्याची. टेस्टरला दार अडवण्याचाच पगार मिळतो, हे त्या क्षणी सुचलं नाही. मी ‘नापास’ खोडून ‘पास’ केलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला माझी पाळी आली. ‘नो ब्लॉकर,’ मी म्हणाले.

अर्धापूरचे माणिकराव सुषमाचे जुने शेतकरी. ती त्यांना काका म्हणायची. दर आठवड्याच्या फोनमध्ये खतापेक्षा नातीच्या तापाची चौकशी जास्त असायची. त्यांनी नवी केळी लावली तेव्हा फॉर्म नव्यानं भरावा लागला. काकांनी भरलं, ३. दोन एकराच्या केळीत तीन एकराचं खत सुरू झालं. एका दिवसानं काही होत नाही. आठवड्यामागून आठवडे तेच चाललं की मुळं भाजतात, पानांच्या कडा करपतात, मधला पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, बारीक निघायला लागतो. टाकी लवकर रिकामी होते हे काकांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी चॅटवर लिहिलं, ‘खत लई जाऊन राहिलंय.’ उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद! आपला आनंद हीच आमची प्रेरणा.’

मग करपलेल्या पानांचे फोटो यायला लागले. काकांचे आणि आसपासच्या आणखी काही जणांचे. ते आले सुषमाच्या मोबाइलवर, कारण माणसाचा म्हणून तेवढा एकच नंबर त्यांच्याकडं होता.

रोहननं चौकशी केली म्हणजे नोंदी काढल्या. प्रत्येक करपलेल्या शेतापुढं सुषमाचं नाव आणि हिरवी खूण. त्यानं तिला एक निवेदन पाठवलं. माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची पडताळणी झाली, मी जबाबदारी स्वीकारते, असा मजकूर. सोमवारच्या मीटिंगमध्ये तिनं ते वाचायचं आणि मग तिच्या नावानिशी सगळ्या शेतकऱ्यांना पाठवायचं. ‘सही केलीस तर काही होणार नाही, आपण चुका साजऱ्या करतो,’ तो तिला म्हणाला. ‘नाही केलीस तर मात्र विश्वासाचा प्रश्न येईल.’

तिनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

‘मी फोनच केला नाही, तर पडताळणी कशी केली गं?’

‘नाही केलीस. तुझं नाव तिथं आपोआप पडतं.’

‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

ती म्हणाली, ‘सही केली तर नोकरी राहते. नाही केली तर सोमवारी जाते. घरात कुणी काही म्हणणार नाही, पण सतरंजी आत येईल. ते एक असू दे. पण त्या कागदावर सही करून मी काकांना काय सांगू? तुमची केळी मी जाळली म्हणून?’ आणि मग एकदम, ‘मला आधी ती पानं बघायची आहेत. रविवारी येते.’

ती आली, आणि तात्याही आले. ‘एवढ्या लांब एकटी कशाला. आन मलाबी केळी बघायचीच हाय,’ ते म्हणाले. निलंग्याहून लातूर, लातूरहून नांदेड, नांदेडला मी चढले, आणि तिथून अर्धापूर. एसटीत तात्यांनी मला खिडकी दिली आणि सुषमाला डबा उघडायला लावला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. निवेदनाबद्दल त्यांनी अक्षर काढलं नाही.

माणिककाका बांधावर उभे होते. त्यांनी एक पान खाली ओढून धरलं. कड तपकिरी, कुरकुरीत, हात लावला की चुरा.

‘झाडं मरायची न्हाईत,’ काका म्हणाले. ‘खत बंद केलंय, पानी देऊन धुवून काढून राहिलो. पन घड बारीक निघतील.’

‘किती हाय म्हनायची ही केळी?’ तात्यांनी विचारलं.

‘तीन.’

‘तीन काय?’

सुषमानं आणि मी एकमेकींकडं बघितलं.

‘हजार की. दुसरं काय असनार?’

‘न्हाई, आमच्याकडं बॅग म्हनत्यात, म्हनून इचारलं.’

‘केळीला कसली आलीय बॅग?’

‘तेच म्हनतो मी.’

दोघं हसले. सुषमा हसली नाही. ‘काका,’ ती म्हणाली, ‘ह्या वेळी मी तुम्हाला फोन केला नव्हता. मला करू दिला नाही. हे मी तपासलेलं नाही.’

‘मलाबी तसंच वाटून राहिलं, ताई. तुमी इचारल्याबिगर सोडत न्हाईत.’ त्यांनी खिशातून मोबाइल काढला, लांब धरून बोटानं पडदा सरकवला आणि तिच्यापुढं धरला. ‘पन हे बघा. तुमचं नाव हाय. हिरवी खून हाय. टाकी लवकर सरली तवा मी हेच उघडून बघितलं. म्हनलं ताईनं बघितलंय, मंग आपुन काय बघायचं.’

‘ते मी केलेलं नाही, काका.’

‘मंग कुनी केलं?’

हा प्रश्न माझा होता. मी चार फुटांवर उभी होते, गळा ठीक होता, उत्तर माहीत होतं. मी त्या पानाच्या कडेकडं बघत राहिले. सुषमानंही माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते, किंवा ही समजूतही खोटीच. काकांनी आम्हाला केळीचे वेफर्स बांधून दिले आणि रस्त्यापर्यंत पोचवायला आले.

घरी आल्यावर मी पेटले. सोमवारच्या मीटिंगसाठी मी दोन पानी मजकूर लिहिला. सुरुवात ‘साथींनो’ अशी. मालकशाहीचे नवे मुखवटे, कुटुंबाच्या नावाखाली चाललेली वेठबिगारी, हिरव्या ठिपक्याची गुलामी, सगळं त्यात होतं. त्यातला एक शब्दही मी आज मागं घेणार नाही. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला.

‘झक्कास लिहिलंस. हे सगळं त्याच्याबद्दल हाय.’

‘मग कुणाबद्दल असणार?’

‘पास कुणी केलं?’

मी कागद परत मागितला. त्यांनी दिला नाही.

‘तुझ्याबद्दलचं वाक्य कुठंय ह्याच्यात? मी शोधून राहिलो, मला सापडत नाही.’

‘बाबा, त्यानं दबाव आणला होता.’

‘तेही लिही. पण आधी ते वाक्य लिही. त्याच्याशिवाय तुझ्या मैत्रिणीला ह्या दोन पानांचा काय उपयोग?’

मला राग आला. भांडी झाल्यावर दोन पानं बाजूला ठेवली आणि चार ओळी लिहिल्या.

सोमवारी साडेनऊला चाळीस चौकटी. सुषमा तिच्या बैठकीत, पाठ ताठ. तिच्या मागं उंबऱ्यावर तात्या बसलेले अर्धे दिसत होते. माझी पाळी तिच्या आधी होती. काल काय केलं, आज काय करणार हे मी सांगितलं नाही. वाचलं : ‘ही आवृत्ती मी पास केली. तीन हजार झाडं आणि तीन एकर यांचा घोळ मला दिसला होता, सुषमाचं नाव आपोआप पडतं हेही दिसलं होतं. मी आधी नापास लिहिलं आणि रोहनच्या फोननंतर बदललं. सुषमानं यातल्या एकाही शेताची पडताळणी केलेली नाही, कारण तिचे फोन बंद केले होते आणि त्याबद्दल तिनं तीनदा लेखी सांगितलं होतं.’ त्यापुढं मी तारखा वाचणार होते. माझा आवाज बंद केला गेला. पडद्यावर माझेच ओठ मला हलताना दिसत होते.

‘मनातलं बोललीस, त्याबद्दल धन्यवाद,’ रोहन म्हणाला. त्याच्या मागं समुद्र होता. ‘हे आपण वेगळं बोलू. सुषमा?’

‘मी पडताळणी केलेली नाही,’ सुषमा म्हणाली. ‘मी सही करणार नाही, सर.’

तेवढंच. सर म्हणू नकोस, असं त्यानं या वेळी तिला सांगितलं नाही. तिच्यानंतर लातूरचा एक प्रोग्रामर होता. त्या चौकटीत तिचं नाव भरून टाकणारा तोच. त्यानं काल काय केलं ते सांगितलं, आज काय करणार ते सांगितलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘नो ब्लॉकर.’ मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला ती चार वाक्यं बोलायला चार वर्षं लागली होती, त्यामुळं राग धरायला जागा नव्हती.

दुपारच्या जेवणापर्यंत आम्हा दोघींची कंपनीतली खाती बंद झाली, म्हणजे नोकऱ्या गेल्या.

पुढचं इथंच सांगून टाकते. सतरंजी आठवड्याभरात आत आली. तात्यांनी आणली नाही, पण अडवलंही नाही. सुषमाला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं, आणि ते बरं झालं असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. आता ती लातूरला एका रोपवाटिकेत काम करते, रोज एसटीनं जाते-येते. मी एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर तपासते आणि दार अडवते. रोहनची कंपनी चालू आहे. ती सध्या कशाची आहे ते मला माहीत नाही.

खाती बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या शेतकऱ्यांना कंपनीचा मेसेज गेला. तांत्रिक कारणामुळे काही शेतांत खताचं प्रमाण बदललं, आम्ही दिलगीर आहोत. कुणाचंही नाव नाही. ॲपमधली ती हिरवी खूणही गुपचूप काढून टाकली होती. त्याच सकाळी माणिककाकांचा सुषमाला फोन आला आणि तिनं मला त्याच फोनवर जोडून घेतलं.

‘ताई, तुमचं नाव गेलं बघा ह्याच्यातून.’

‘हो काका.’

‘बरं झालं. लई बेजार झाल्तो मी ते बघून. पन मला एक सांगा. हे तांत्रिक कारन म्हंजे कोन?’

सुषमाला माहीत होतं. एका शब्दात सांगता आलं असतं तिला. ती थांबून राहिली आणि ती कुणासाठी थांबली आहे ते मला कळलं.

‘मी, काका,’ मी म्हणाले. ‘त्या दिवशी सुषमाबरोबर तुमच्या केळीत आले होते ती. ॲप तपासायचं काम माझं होतं. तुमच्या तीनचा घोळ होणार हे मला आधीच दिसलं होतं. तरी मी पास केलं.’

पलीकडं मोटार चालू होती. तिचा आवाज येत राहिला.

‘दिसलं व्हतं?’

‘हो.’

‘मंग?’

लाँच जाहीर झालं होतं. डेटा हातात नव्हता. मालकाचा फोन आला होता. सगळं तोंडाशी आलं आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं.

‘भ्याले, काका.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘मंग तसं लिव्हा की. तांत्रिक काय.’